कापलेला घडा

बाब दीवानच्या सिग्नलला टॅक्सी अडकली असताना मी लिफाफा फोडला आणि पहिल्याच पानावर मला माझे नाव दिसले. 'रादियाला. तिचेच बरोबर होते.' खाली तारीख नाही, सही नाही. पांढऱ्या पानाच्या मधोमध दोन ओळी, मुलांच्या पुस्तकात वापरतात तशा ठसठशीत टायपात. माझा सगळा पेशाच बरोबर ठरण्याचा आहे. स्फॅक्सच्या विद्यापीठात मी समुद्री जीवशास्त्र शिकवते, आणि माझ्या एखाद्या विधानापुढे कोणी बरोबरची खूण केली की मला आनंद होतो, हे मी नाकारत नाही. पण त्या दोन ओळी वाचून जे झाले त्याला आनंद म्हणता आले नसते. भांडण ऐन रंगात असताना समोरच्याने एकाएकी हात वर करावेत आणि तोंडात आलेल्या वाक्याचे काय करायचे ते आपल्याला कळू नये, तसे काहीसे झाले. नझीहा, माझी थोरली बहीण, हात वर करणाऱ्यांतली नव्हती. शिवाय ती माझ्या निकालाची वाट पाहत होती. पुस्तक सोमवारी छपाईला जायचे होते, आणि 'रादियाने हो म्हटल्याशिवाय एक कागद छापायचा नाही' असे तिने प्रकाशकाला बजावले होते. प्रकाशकाने ते मला फोनवर अशा आवाजात सांगितले, की जणू त्याच्या छापखान्याची किल्ली एखाद्या शेळीच्या गळ्यात बांधून शेळी मोकळी सोडली होती.

"मबरूकाच ना ती?" टॅक्सीवाल्याने आरशातून विचारले. माझ्या मांडीवर मुखपृष्ठाचा कागद उलगडलेला होता आणि त्यावर ती ऑक्टोपस होतीच, शेंदरी, फुगीर, मातीच्या घड्याच्या तोंडातून एक डोळा बाहेर काढून बसलेली.

"मबरूकाच."

"पण हे ते पुस्तक नाही. त्याचं मुखपृष्ठ निळं होतं."

"हा दुसरा भाग आहे."

सिग्नल सुटला होता, मागच्या गाड्या बोंबलत होत्या, आणि हा गृहस्थ संपूर्ण मागे वळून बसला. "काय सांगता काय बाई! दुसरा भाग? अहो, त्या पुस्तकावर वाढलो मी. आई वाचायची आणि शेवटच्या पानाला दरवेळी रडायची. आता माझी पोरगी. तिनं तर पान चघळून टाकलंय." त्याने हात खिडकीबाहेर काढून मागच्यांना काहीतरी खूण केली, ती बहुधा सभ्य नव्हती. "एकच सांगा. शेवट नका सांगू. फक्त, ती बरी असते ना?"

"कोण?"

"कोण काय! मबरूका!"

"अजून वाचलं नाही मी."

"मग बरीच असणार," तो गाडी सुरू करत म्हणाला. "काही झालंबिलं असेल ना तिला, तर त्या चित्रं काढणाऱ्या बाईला मी केरकेन्ना बेटावर जाऊन गाठीन, सांगून ठेवतो."

ती माझी बहीण आहे, असे मी म्हणाले नाही. बंदर येईपर्यंत तो अधूनमधून आरशातून माझ्याकडे आशेने पाहत राहिला, रुग्णालयाच्या दारातून बाहेर येणाऱ्या डॉक्टरकडे पाहावे तसा.

या देशात माझ्या बहिणीच्या पुस्तकाबद्दल तटस्थ माणूस सापडणे अशक्य आहे, आणि ही गोष्ट मला अनेक वर्षे छळत आली आहे. पुस्तक म्हणून पाहिले तर ते फार लहान आहे. एक ऑक्टोपस घर शोधत असते. तिला समुद्राच्या तळाशी घडा सापडतो. ती आत जाते, छताला अंडी टांगते, बसून राहते. वर उन्हाळा सरकतो, होड्यांच्या सावल्या येतात-जातात. शेवटच्या पानावर घडा रिकामा असतो, आणि पानाच्या डाव्या टोकाला, जिथून आमची अरबी पाने उलटतात तिथे, मबरूका निघून चाललेली दिसते. तिच्या मागे तिची मुले, तांदळाच्या कणीएवढी, धुरासारखी लांबच लांब रांग. 'आणि ती सगळ्यांना घेऊन गेली.' बस. एवढ्यावर एक अख्खी पिढी रडली आहे. त्या पुस्तकाबद्दल लेख लिहिले गेले, नाटके झाली, आणि तूनिसहून आलेल्या एका पत्रकार मुलीने नझीहाला फार हळुवार आवाजात विचारले, की मबरूका म्हणजे तुमची आई का? आमची आई एक्याऐंशी वर्षे जगली. तिला ऑक्टोपस फक्त शिजवण्यापुरता आवडे. पुस्तकाविषयी तिचे मत होते, की दिवसभर घड्यात बसून राहणारी बाई कसल्या कामाची. बेटावर या पुस्तकाने कोणाचेच काही अडले नाही. ज्या ताटलीत जवाच्या कुसकुसवर ऑक्टोपसचा हात लाल रश्श्यात पडलेला असे, त्याच ताटलीशेजारी उघडे ठेवून मुले ती गोष्ट ऐकत आणि हात चघळत. घडा हे घर आहे आणि घडा हा सापळा आहे, ही दोन्ही विधाने त्यांच्या डोक्यात एका दोरीवर वाळत असत. माझ्या डोक्यात दोरी एकच आणि तिच्यावर जागा एकाच विधानापुरती. हा कदाचित दोष असेल. पण मला त्याचाच पगार मिळतो.

माझी तक्रार साधी होती. ऑक्टोपसची मादी कोणालाही घेऊन कुठेही जात नाही. अंडी घातल्यावर ती अन्न सोडते, पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते, आणि पिल्ले प्रवाहाबरोबर वाटेल तिकडे वाहून जातात. मार्सेयला शिकायला गेले त्या वर्षी मला हे कळले, आणि सुट्टीत घरी येताच मी ते बाबांना सांगितले, कारण पुस्तकाचा शेवट नझीहाचा नव्हता, बाबांचा होता. बाबांच्या वाट्याला आलेल्या समुद्राच्या तुकड्यात ते दोराला घडे बांधून सोडत. आमिष नाही, गळ नाही, ऑक्टोपसला आडोसा हवा असतो, तो स्वतःहून आत जातो. हंगाम संपत आला की एखाद्या घड्याच्या छताला अंड्यांचे घोस लटकलेले निघत. तो घडा बाबा रिकामा करत नसत. दोराला चिंधी बांधून तो पुन्हा पाण्यात सोडत, आणि बंदीचे उन्हाळी महिने संपून शरदात पुन्हा होड्या निघाल्या की पहिला तोच वर ओढत. तो नेहमी रिकामा निघे. आई नाही, अंडी नाहीत, साधा डाग नाही. 'गेली पोरांना घेऊन,' बाबा म्हणत आणि घडा खळखळून धुऊन ठेवत. बेटावरचे सगळेच असे म्हणत. निरीक्षण अचूक, निष्कर्ष साफ चुकलेला. मधल्या महिन्यांत पाण्याखाली काय घडते ते पाहायला तिथे कोणी नव्हते, आणि न पाहिलेल्या जागेत माणसाने आपल्या स्वभावाला साजेसे काहीतरी भरले होते. हे उदाहरण इतके नितळ आहे की मी दरवर्षी पहिल्या तासाला ते शेवटचे पान भिंतीवर दाखवते आणि विचारते, यात पुरावा कोणता आणि इच्छा कोणती? दरवर्षी वर्गात कोणाचा तरी चेहरा उतरतो. बाबांना सांगितले तेव्हा ते जाळे विणत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "तू पाहिलंस?" तोवर मी पाहिलेले नव्हते. वाचलेले होते. "मग ठीक," ते म्हणाले. त्या 'ठीक'चा अर्थ मी अनेक वर्षे लावत बसले होते. आता लावत नाही.

बोट सुटली. वारा थंड होता, म्हणून मी आत, काचेशी बसले, आणि पुस्तक क्रमाने वाचले, परीक्षकाच्या शिस्तीने. निकाल द्यायचा तर मोजपट्टी ठरवावी लागते. पहिल्या पुस्तकात काय होते ते आठवले तर प्रथम आठवतो तो काळा रंग. घड्याचे तोंड. पानामागून पान ते काळे तोंड आणि त्यात कधी एक डोळा, कधी एखाद्या हाताचे टोक, कधी काहीच नाही. आत काय आहे ते नझीहाने एकदाही दाखवले नव्हते. मुलाने बोट लावून विचारावे आणि आईने 'आत आहे ती' म्हणावे, यापलीकडे त्यात काही नव्हते. मी या गोष्टीला कधी गुण दिले नव्हते, कारण माझे लक्ष शेवटच्या पानावरच्या चुकीवर होते. दुसऱ्या पुस्तकात चित्रे, खरे सांगायचे तर, पहिल्यापेक्षा चांगली होती, आणि याने माझा वैताग आणखी वाढला. तिच्या डोळ्यांचा मधला भाग आता गेला आहे. नजरेच्या मध्यावर तिला धुरकट गोळा दिसतो आणि जग फक्त कडेने. म्हणून तिच्या रेषेला एक तिरकेपणा आला आहे, पाणी कडांकडून आत शिरल्यासारखे. समुद्रगवत असे मी प्रत्यक्षातही पाहिलेले नाही. आणि मग, पुस्तकाच्या मध्यावर, दोन्ही पाने भरून, घडा होता. उभा कापलेला. आडव्या-उभ्या छेदाच्या शास्त्रीय आकृतीत कापतात तसा नीट मधोमध कापलेला, आतली मबरूका, तिचे आठही हात, छताचे घोस, नळीतून निघणारा पाण्याचा झोत, सगळे उजेडात, आणि शेजारी बाण. मी चष्मा काढून पुसला. काळा रंग कुठेच नव्हता. आत पाहायचे म्हणून कोणीतरी घर फोडले होते आणि फोडणाऱ्याचा हात स्वच्छ होता. पुढच्या पानावर मजकूर होता. 'अंडी घातल्यावर मादी अन्न घेणे थांबवते. पिल्ले बाहेर आल्यावर ती मरते. हे दुःखद नाही. हा तिच्या जीवनचक्राचा भाग आहे.' मी तो पुन्हा वाचला, कारण त्याची चाल ओळखीची वाटली. बारा-पंधरा वर्षांपूर्वी रेडिओवरच्या एका कार्यक्रमात, कोणा श्रोत्याच्या भाबड्या प्रश्नावर, हे शब्द, याच क्रमाने, मी बोलले होते. पुस्तकातली सर्वांत वाईट वाक्ये माझी होती. त्यांत एकही चूक नव्हती. 'हे दुःखद नाही' हे मात्र विधान म्हणून तपासले तर निराधार होते. ते कोणत्या उपकरणाने मोजले होते मी? पण रेडिओवर ते किती पोक्त वाटले होते. समोरच्या बाकावर एक बाई आपल्या मुलीला उकडलेले अंडे भरवत होती. मुलीने माझ्या हातातला कागद पाहिला आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून खिदळली. मी पान पालथे घातले. मी का पालथे घातले, या प्रश्नाचे उत्तर मला बोट लागेपर्यंत सापडले नाही. म्हणजे सापडले, पण ते माझ्या बाजूचे नव्हते.

अतायाला, बेटावरच्या आमच्या गावी, नझीहा अंगणात बसलेली होती. कपड्यांच्या दोरीवर चादरींच्या रांगेत दोन ऑक्टोपस वाळत होते, आणि ती त्यांच्याकडे पाठ करून माझ्याकडे कान लावून होती. आता माणसाला पाहायचे तर ती मान वळवते, कोंबडी दाणा पाहते तशी, आणि त्यामुळे ती सतत आपल्यावर संशय घेत आहे असे वाटते. तसा तो ती आधीपासूनच घेत असे.

"वाचलंस?"

"बोटीवर वाचलं."

"मग?"

"आधी चहा दे."

"चहा मागतेस म्हणजे वाईट आहे," ती म्हणाली आणि उठली नाही.

"चित्रं फार चांगली आहेत."

"चित्रं चांगली आहेत ते मला ठाऊक आहे. आंधळी होतेय, मूर्ख नाही. पुस्तक कसं आहे?"

बोटीवर मी तीन वाक्ये तयार केली होती, प्रत्येकात एक 'तथापि' होता. त्यातले एकही तोंडात आले नाही. "वाईट आहे," मी म्हणाले.

"चूक दाखव. एक."

"एकही चूक नाही."

"मग?"

"मग तेच."

नझीहाने कपाळावर हात मारला, पण नेम हुकून तो रुमालावर बसला. "ऐका रे लोकांनो! तीस वर्षं! तीस वर्षं या बाईनं माझं डोकं खाल्लं. ईदला जेवताना. शेजारच्या सालूहाच्या मुलीच्या लग्नात, नवरी बसलीय, आणि ही पाहुण्यांना सांगतेय की ऑक्टोपस अशी जात नाही हो. बाबांच्या मयतीला—"

"मयतीला मी काही बोलले नव्हते."

"चाळिसाव्याला बोललीस! मौलवींसमोर! खोटं लिहिलं तर तुला खपत नाही, खरं लिहिलं तर आवडत नाही. तुला पाहिजे तरी काय गं?"

"घडा कोणी कापायला सांगितला होता तुला?"

"तुझ्या तक्त्यात कापलेलाच असतो."

"तो विद्यार्थ्यांसाठी असतो!"

"आणि ही काय गाढवं आहेत, तीन वर्षांची?"

"आणि ती वाक्यं?"

"तुझी आहेत," ती समाधानाने म्हणाली. "रेडिओवरची टेप होती. सालूहानं ऐकून लिहून काढली. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. म्हटलं, उगाच मी काही घालायची आणि परत तू नाक उडवायचीस."

"हे दुःखद नाही. नझीहा, असं कोण म्हणतं मुलांना?"

"तू."

चादरींच्या मागे कोणीतरी लाकडी सोट्याने ओला ऑक्टोपस दगडावर आपटत होते, मऊ करायला. तो आवाज एका लयीत येत राहिला. मला चीड येत होती आणि ती कोणावर टाकावी ते ठरत नव्हते. ज्या माणसाशी आपण अर्धे आयुष्य भांडलो त्याने भांडण सोडून आपले ऐकावे यात चिडण्यासारखे काय असते? पण मी तिला माझे ऐकायला कधी सांगितले होते? मी तिच्याशी वाद घालत होते. वाद घालणे म्हणजे समोरचा उभा आहे असे धरून चालणे. तिने उभे राहायचे होते. तिने, तिच्या त्या मूर्ख, चुकीच्या, काळ्या तोंडाच्या घड्यासह, शेवटपर्यंत उभे राहायचे होते, आणि मी दर ईदला त्यावर डोके आपटायचे होते. आमच्यात ती एवढीच गोष्ट धड चालू होती. आता ती माझ्या शब्दांत बोलत होती आणि अंगणात माझ्याखेरीज कोणी उरले नव्हते.

"का केलंस असं?" मी विचारले. आवाज मला हवा होता त्यापेक्षा वर गेला.

"ओरडू नकोस. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत." तिने गुडघ्यांवरची शाल सारखी केली. "डॉक्टर म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत. मग कडेचंही जाईल. म्हटलं, एक पुस्तक राहिलंय हातात. एकदा तरी तुझ्या मनासारखं करावं. तुझं माझ्या एकाही पुस्तकानं कधी समाधान झालं नाही, रादिया. एकाही. लोकांचं काय, लोक रडतात. लोकांना रडायला काय लागतं?"

मी उठून स्वतःच चहा ठेवला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पाठमोरी दिसत होती, मान किंचित तिरकी, हात मांडीवर उताणे, आणि मला जाणवले की तिला घाई आहे. सोमवारची नाही. मी 'चालेल' म्हटले तर तो कापलेला घडा या देशातल्या प्रत्येक घरात जाईल आणि तिचे शेवटचे काम म्हणून तिथे राहील. मी 'नको' म्हटले तर दुसरे करायला तिच्याजवळ नजर नाही. निकाल देणे इतके सोपे मला आयुष्यभर वाटत आले होते. चहा उतू गेला.

"तू तरी पाहिलीस का मरताना?" मी पेला तिच्या हातात दिला तेव्हा ती म्हणाली. "का तेही वाचलेलंच?"

"पाहिली. नंतर. प्रयोगशाळेतल्या टाकीत. कितीतरी पाहिल्या."

"मग काय पाहिलंस ते सांग. का मरते ते नको. माझ्या त्या पानावर ते भरपूर झालंय. काय करते ती?"

"काही करत नाही. बसते."

"सगळा दिवस काचेशी बसून तू पाहिलंस ते 'बसते'? आणि याचा पगार देतात?"

मी वैतागून आठवायला लागले. "अंड्यांवर पाणी सोडत राहते. हाताच्या टोकांनी घोस चाचपते, मधेच एखादं खराब झालेलं काढून टाकते. रंग उडत जातो. एकदा आम्ही तिच्यापुढं खेकडा सोडला, जिवंत. तिचा आवडता. एरवी झडप घालते, अर्धं मिनिट लावत नाही. खाते का ते पाहायचं होतं. तो खेकडा घड्याच्या तोंडाशी आला आणि आत चढायला लागला. तर तिनं एक हात बाहेर काढला आणि त्याला मागं सारलं. मारलं नाही. पकडलं नाही. असं…" मी चहाचा पेला बोटाने तिच्या बाजूला सरकवला. "असं. दार लोटावं तसं. तो परत आला. तिनं परत सारलं. किती वेळ चाललं होतं ते. उपाशी होती, दीड महिना तरी झाला होता. खेकडा तोंडाशी, आणि ती त्याला नुसतं, बाबा रे, नंतर ये."

सोटा थांबला होता. नझीहा माझ्याकडे पाहत नव्हती. म्हणजे मान सरळ होती, म्हणजे मी नेमकी तिच्या धुरकट गोळ्यात होते.

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"कोणी विचारलं नाही. आणि एका मादीवरून काही सिद्ध होत नाही. दुसऱ्या टाकीतली तशी वागली नाही."

"रेडिओवर का नाही सांगितलंस हे?"

"कारण ती माहिती नाही. ती एक… घटना आहे."

"गाढव आहेस," ती प्रेमाने म्हणाली. बहुधा प्रेमाने. "विद्वान गाढव. जा, आतून कागद आण. मोठा. आणि कोळशाची काळी कांडी."

मी आणला. तिने शेजारच्या खुर्चीवरची फळी मांडीवर घेतली, तोंड जवळजवळ दाराकडे वळवले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून कागदाकडे पाहत काळी कांडी आडवी धरून घासायला सुरुवात केली. घड्याचे तोंड भरू लागले. घासताना ती बोलत होती. "कापलेलं पान काढायचं. तुझी वाक्यं काढायची. खेकडा येतो, ती सारते. परत येतो, परत सारते. किती वेळा?"

"पुष्कळ."

"तीन पानं करू. मग?"

"मग घडा रिकामा."

"म्हणजे बाबांचाच शेवट."

"बाबांनी जे पाहिलं ते. बाबा म्हणायचे ते नाही."

ती थांबली. "आणि ती कुठं गेली?"

"ते लिहू नकोस."

"मुलं विचारतील, रादिया."

"विचारू देत. त्यांच्या आयांना विचारतील. आया काहीतरी सांगतील."

"खोटं सांगतील."

"सांगतील. तुझ्या पुस्तकात ते नसेल." बोलताना मला माझ्या पहिल्या तासाचा वर्ग दिसला, आणि भिंतीवर दाखवायला यापुढे मला काही राहणार नाही हेही दिसले. हे पुस्तक पहिल्याच्या तोलाचे होईल की नाही, ते मला सांगता आले नसते. पहिल्यात एक आनंदी चूक होती आणि आनंदी चुकीशी स्पर्धा करणे फार कठीण असते. टॅक्सीवाल्याला तर ते मुळीच आवडणार नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. प्रकाशक होता, शाझली, तूनिसहून. नझीहाने हात काळे म्हणून फोन मलाच उचलायला लावला आणि मधून मधून माझ्यामार्फत ओरडत राहिली.

"दोक्तोरा, सांगा ना, हो का?" शाझली म्हणाला. "मशीन राखून ठेवलंय मी. पुढच्या आठवड्यात स्फॅक्सचा मुलांचा पुस्तकमेळा आहे!"

"मधली पानं बदलतायत."

"किती पानं?"

"त्याला सांग, सगळी लागली तर सगळी!" नझीहा म्हणाली.

"ती म्हणते, चारपाच."

"या अल्ला! आता? अहो, वैज्ञानिकदृष्ट्या काही चूक निघाली का? तुम्ही तर म्हणे खात्री करणार होतात!"

"चूक नाही निघाली. म्हणून बदलतोय."

मग त्याने, ज्याला रागावण्याचाही कंटाळा आला आहे अशा माणसाच्या आवाजात, मेळ्याला आईवरून एक शिवी हासडली आणि बुधवारपर्यंत मुदत दिली. मी फोन ठेवला. नझीहाने तो सगळा वेळ हात थांबवला नव्हता. काळ्या तोंडाच्या खाली आता खेकडा होता, एका नांगीने घड्याची कड पकडलेला, उर्मट आणि भुकेला, अगदी तसाच. तिने तो कधी पाहिला नव्हता.

"आता हात," ती म्हणाली. कांडी कागदाला टेकलेली, मान दाराकडे. "कुठल्या हातानं सारलं?"

मी डोळे मिटले. टाकीची काच आली, पिवळा दिवा आला, हवेच्या नळीची घरघर आली. खेकड्याची नांगी आली. मागे सरकताना वाळूत उमटलेल्या त्याच्या पायांच्या रेघा आल्या. बाहेर आलेला हात आला, त्याची संथ गती, टोकाशी उडालेला रंग. पण तो आठांपैकी कोणता, ते आले नाही. त्या दिवशी तशी नोंद करणे मला सुचले नव्हते, आणि अशा वेळी आमच्या शास्त्रात एकच प्रामाणिक उत्तर असते. नझीहा थांबली होती. तिच्या बोटांवरची काजळी कागदाच्या कडेवर उतरत होती.

"डाव्या बाजूचा दुसरा," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले, ज्या आवाजात वर्गात बोलते त्याच आवाजात, आणि तिचा हात चालू लागला.